डावीकडचा शिक्का

शर्टांच्या कारखान्यात सोमवारची सकाळ नेहमीसारखीच सुरू झाली होती. खालच्या मजल्यावर शिलाईची मशिनं घरघरत होती आणि वर ऑफिसात टापटीपबाई आपलं टेबल लावत होत्या. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते तिथेच राहिलं. कागदाला कागद जुळवून ठेवायचा, पेनाला टोपण लावल्याशिवाय हातातून सोडायचं नाही, आणि शिक्का असा मारायचा की पट्टी लावून बघावं तरी केसभर तिरका निघू नये. एकोणीस वर्षांत बाईंचा एकही शिक्का वाकडा लागला नव्हता. याचा त्यांना गर्व होता आणि तो त्या लपवतही नसत.

कारखाना सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाचं प्रमाणपत्र मिळे. ते टाइप करायचं काम बाईंचं. मजकूर सगळ्यांना एकच: अमुक वर्षे काम केले, वागणूक चांगली होती, आम्ही त्यांना शुभेच्छा देतो. खाली मॅनेजरची सही आणि कारखान्याचा गोल शिक्का. फक्त एक होतं. मॅनेजरकडून नावांची यादी येई, त्यात काही नावांपुढे बारीक खूण असे. खूण असेल त्याचा शिक्का सहीच्या डावीकडे मारायचा, नसेल त्याचा उजवीकडे.

"फायली लावायला सोपं जातं हो," मॅनेजर पहिल्याच वर्षी म्हणाले होते.

बाईंनी पुढे विचारलं नाही. त्यांना माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. फायलींशी याचा काडीचा संबंध नाही हे फायली लावणाऱ्या बाईला कळत नसेल, यावर कोण विश्वास ठेवील? विचारलं नाही, एवढंच खरं. विचारल्याशिवाय पगार मिळत होता.

त्या सोमवारी अकराच्या सुमारास मॅनेजरने त्यांना आत बोलावलं. कामगार या माणसाला पाठीमागे 'हसरा' म्हणत, कारण तो कुणाचं काहीही काढून घेताना हसत असे.

"बसा ना बाई, उभ्या का? चहा सांगू?" हसऱ्याने सुरुवात केली. "असं आहे, आता सगळी पत्रं मुख्य ऑफिसातूनच निघणार. इथे टायपिंगचं कामच उरणार नाही. तुम्हाला कमी करायचं अगदी जिवावर आलंय बघा. चार ओळींचा राजीनामा लिहून द्या. स्वखुशीने म्हणून."

"साहेब, यात माझी खुशी कुठे आली?" बाई म्हणाल्या.

एकोणीस वर्षांतला हा त्यांचा पहिला प्रश्न. हसऱ्याचं हसू अर्धा इंच रुंदावलं.

"तुम्ही पण ना बाई! अहो, तसं लिहायची पद्धत आहे. आणि जाता जाता तुमचं प्रमाणपत्र तुम्हीच टाइप करून आणा. तुमच्याइतकं टापटीप दुसऱ्या कुणाला जमणार?"

बाईंनी राजीनामा लिहिला. मग बाहेर येऊन स्वतःच्या नावाचं प्रमाणपत्र टाइप केलं, तोच मजकूर, एकही चूक नाही. शिक्का मारायला हात पुढे केला तर हसरा म्हणाला, "द्या इकडे, आज मी मारतो." त्याने सहीच्या डावीकडे धाडकन शिक्का हाणला. तो चांगलाच तिरका लागला. आणि मला सांगायला लाज वाटते, पण नोकरी गेलेल्या त्या बाईला त्या क्षणी सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते शिक्का तिरका लागल्याचं.

घर दोन खोल्यांचं. आई, थोरला भाऊ, वहिनी आणि बाई. बाई लवकर घरी आल्या तेव्हा आई भाजी निवडत होती आणि वहिनी दाराशी उजेडात बसून गठ्ठ्यातल्या शर्टांना बटणं लावत होत्या. हे बटणांचं काम त्यांनी तीन वर्षांपूर्वी धरलं होतं, दादाची नोकरी गेली तेव्हा.

"ताई, बरं नाही का तुम्हाला?" वहिनींनी विचारलं.

"कमी केलं मला."

वहिनींची सुई थांबली. "तुम्हाला? अहो, तुमच्याशिवाय तिथला कागद तरी हलतो का?"

"हलेल आता," बाई म्हणाल्या, आणि चपला जागेवर जोड लावून ठेवल्या.

तासाभराने दादा आला. तो बसडेपोत गाड्या धुवायचा. साबणाच्या पाण्याने त्याच्या बोटांची सालं गेली होती. ऐकून तो हसून म्हणाला, "आता मुलाखतीला जाशील तेव्हा जीभ आवरून बस हो, धाकटे."

तो टोमणा नव्हता. पण बाईंना लागायचा तिथे लागला, कारण हे वाक्य त्यांचं होतं. तीन वर्षं त्यांनीच ते दादाला ऐकवलं होतं.

दादा त्याच कारखान्यात कटिंग मास्तर होता. कापडाचे साठ थर एकावर एक घालून तो असे कापायचा की सगळ्यात खालच्या थराची बाही वरच्या बाहीशी सुताने जुळावी. एकदा त्याच्या शेजारच्या कारागिराची दोन बोटं पात्याखाली गेली. दादा वर गेला आणि कापणाऱ्या सगळ्यांना लोखंडी जाळीचे हातमोजे द्या म्हणाला. आवाज चढवला नाही, संप केला नाही, फक्त तीनदा मागितले. पुढच्या महिन्यात त्याला कमी केलं. मग तो नोकरी शोधायला लागला आणि नऊ ठिकाणांहून परत आला. सगळीकडे त्याचा हात बघून खूश व्हायचे, सगळीकडे "कळवू" म्हणायचे आणि कुठूनही कळवायचे नाहीत.

घराने निकाल लावून टाकला: हाच उलट बोलत असणार. आई म्हणाली, बापावर गेलाय. वहिनी आठ आठ दिवस बोलायच्या नाहीत. आणि बाईंनी तर हद्द केली. रविवारी दुपारी त्या खुर्ची टाकून साहेबासारख्या बसायच्या, पन्नाशीला आलेल्या भावाला समोर उभा करायच्या आणि प्रश्न विचारायच्या. "मान वर नको करूस दादा. हो साहेब म्हण. पुन्हा म्हण." तो पुन्हा म्हणायचा. एके दिवशी म्हणेनासा झाला आणि बस धुवायला लागला.

आता बाई निघाल्या. त्या पट्ट्यात शर्टांचा धरून लहानमोठे चौदा कारखाने होते, चादरींचे, टॉवेलांचे, पिशव्यांचे, आणि टाइप करणारी, फायली लावणारी बाई सगळ्यांना हवी असायची. पहिल्या ठिकाणी दिलेलं पान बाईंनी पाच मिनिटांत बिनचूक टाइप करून दिलं. तिथला साहेब "वा!" म्हणाला. मग प्रमाणपत्र आत गेलं, बाहेर आलं, आणि साहेब खिडकीकडे बघत म्हणाला, "कळवू." दुसऱ्या ठिकाणी तेच झालं. तिसऱ्या, चौथ्या ठिकाणीही. पाचवा कारखाना पिशव्यांचा होता. तिथल्या साहेबाला रीतभात होती, म्हणून त्याने चार दिवसांनी पत्र पाठवलं: जागा भरली गेली आहे.

बाईंनी जीभ इतकी आवरली होती की पाचव्या मुलाखतीत त्यांना स्वतःचा आवाज ओळखू येईना.

सहावा कारखाना टॉवेलांचा. टेबलामागे एक चष्मेवाली कारकून बसली होती. टायपिंगच्या क्लासला ती आणि बाई एका बाकावर होत्या. चष्मेवालीने आनंदाने हात धरला, विचारपूस केली, आणि प्रमाणपत्र हातात घेतलं. बाई बघत होत्या. चष्मेवालीने नाव वाचलं नाही, वर्षं वाचली नाहीत. तिची नजर सरळ खाली सहीवर गेली, आणि चेहरा पडला.

"अगं," ती हळूच म्हणाली, "तुझा शिक्का डावीकडे आहे."

"मग?"

"मग काय? सगळ्या मालकांचं ठरलेलंय ते. डावीकडे असला की घ्यायचं नाही. कटकट्या माणूस." चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. "तू मारायचीस, मी बघायचे. इतकी वर्षं आपण दोघी एकच तर काम करतोय. तुला खरंच माहीत नव्हतं?"

प्रमाणपत्र घेऊन बाई उठल्या आणि घरापर्यंत चालत आल्या, वाटेत दोन बस मिळत असूनही.

दुपारची वेळ होती. आई झोपली होती, वहिनी गठ्ठा पोचवायला गेल्या होत्या. बाईंनी दादाची कागदांची पिशवी काढली. शाळेचे दाखले, कसलीशी पावती, आणि त्याखाली चार घड्यांचं प्रमाणपत्र. ते इतक्या टेबलांवर उघडलं गेलं होतं की घड्यांवर फाटायला आलं होतं. सहीच्या डावीकडे शिक्का होता. सरळ, सुबक, गोल, शाई कुठे फिकट नाही की पसरलेली नाही. भावाचं म्हणून त्यांनी तो जरा जास्तच निगुतीने मारला होता. त्यांना ते आठवलं.

बाई जमिनीवर बसल्या आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडल्या. मग रडणं थांबलं आणि राग आला. इतका राग त्यांना आयुष्यात कधी आला नव्हता, तो कुठे ठेवायचा हेच कळेना. हसऱ्याचं हसू त्यांना डोळ्यांसमोर दिसत होतं आणि ते त्याच्या तोंडावरून ओरबाडून काढावंसं वाटत होतं. सुधारणा, न्याय, कामगारांचं हित हे शब्द तेव्हा त्यांच्या मनात नव्हते. या माणसाचं वाटोळं करायचं, एवढंच होतं. मी हे लपवत नाही. चांगल्या कामाला नेहमी चांगल्याच भावनेने हात घातला जातो असं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या हसऱ्याच्या समोर उभ्या राहिल्या.

"साहेब, शिक्का तिरका लागलाय. दुसरं प्रमाणपत्र द्या. आणि शिक्का उजवीकडे मारा."

"उजवीकडे काय न् डावीकडे काय, बाई..."

"डाव्या शिक्क्यांची माझ्याकडे वही आहे. नावं, तारखा, सगळं. टापटीप म्हणतात ना मला?"

वही नव्हती. पण हसऱ्याला ती असेल हे पटायला क्षणही लागला नाही, कारण या बाईने वही ठेवली नसती तरच नवल होतं. हसू ओठांवर तसंच राहिलं, पण मानेवर घाम दिसायला लागला.

"तुम्हाला नोकरी हवी आहे, मी समजू शकतो," तो म्हणाला. "वही आणून द्या, प्रमाणपत्र घेऊन जा."

"आधी प्रमाणपत्र. मला कुठे रुजू करून घेतलं की वही तुमची. आणि तारीख तीच टाका, जावक क्रमांकही तोच. मला मधला काळ रिकामा दाखवायचा नाही."

हसऱ्याने सही केली, उजवीकडे शिक्का मारला. जुनं प्रमाणपत्र मात्र परत मागितलं नाही. या हुशार माणसाने एवढी एकच चूक केली. त्याला वाटलं, हिला फक्त नोकरी हवी आहे.

नोकरी त्यांना हवीच होती, तेही खोटं नाही. बाई तशाच पिशव्यांच्या कारखान्यात गेल्या, जिथून जागा भरल्याचं पत्र आलं होतं. तोच साहेब होता. त्याने कागद पाहिला, बाईंकडे पाहिलं, आणि मोकळेपणाने हसला.

"मिटलं वाटतं तुमचं तिकडचं? छान झालं. मग सोमवारपासून या." आणि त्याने हातोहात नेमणुकीचं पत्र दिलं.

घरी सगळ्यांना आनंद झाला. वहिनींनी पत्र तीनदा वाचलं. दादा म्हणाला, "बघ, जीभ आवरली की होतं." तो खरंच खूश होता, आणि बाईंना ते सहन होईना. पुढ्यात चार कागद होते: एकाच तारखेची, एकाच क्रमांकाची दोन प्रमाणपत्रं, एक नकार आणि एक नेमणूक. सोमवारी कामावर गेलं की घर सुरळीत चालणार होतं. तोंड उघडलं की या चौदा कारखान्यांची दारं त्यांना जन्मभर बंद होणार होती.

सोमवारी बाई पिशव्यांच्या कारखान्यात गेल्या नाहीत. त्या कामगार अधिकाऱ्याच्या ऑफिसात गेल्या.

अधिकारी तरुण होता, मन लावून ऐकणारा. कागद उलटसुलट करून तो म्हणाला, "बाई, तुमच्या एकटीच्या कागदांवर ते म्हणतील हाताची चूक झाली. आणखी माणसं आणा."

बाई दारोदार फिरल्या. कुणी हमाली करत होता, कुणी भाजी विकत होती, एक जण घरातून बाहेरच पडत नव्हता आणि त्याची बायको त्याला दारातूनच 'आळशी' म्हणून ओळख करून देत होती. बाई प्रमाणपत्र मागायच्या, शिक्का दाखवायच्या. माणसं कागदाकडे बघत राहायची. तुझ्यात काही खोट नव्हती, हे तीन-चार वर्षांनी कळल्यावर माणूस काय बोलणार? आळशाच्या बायकोने तर कपाळावर हात मारून घेतला आणि आत निघून गेली.

"पण बाई, तुम्हाला हे कसं कळलं?" सगळे विचारायचे.

"ऑफिसात होते ना. कानावर आलं," बाई सांगायच्या.

शिक्का कुणाच्या हातातला होता हे त्यांनी एकालाही सांगितलं नाही. दादालाही नाही. रोज सांगायचं ठरवायच्या आणि रोज चपला जोड लावून ठेवून आत जायच्या. दादा तर हवेत होता. तीन वर्षांनी त्याची मान वर झाली होती. "माझी बहीण लढतेय," तो डेपोत सांगत सुटला होता. वहिनी त्याच्याशी पुन्हा बोलू लागल्या होत्या. हे सगळं मोडायचं धाडस बाईंना झालं नाही, आणि हा भित्रेपणाच होता, त्याला दुसरं नाव नाही.

सुनावणीच्या दिवशी अधिकाऱ्याची खोली भरून गेली. चाळीसेक माणसं भिंतीला टेकून उभी होती. दादा धुतलेला शर्ट घालून वहिनींसोबत पहिल्या रांगेत बसला होता. हसरा वकिलाला घेऊन आला होता आणि ओळखीच्या प्रत्येकाकडे बघून हसत होता.

वकील उभा राहिला. "साहेब, शिक्का कागदावर कुठेतरी लागणारच. घाईगडबडीत डावीकडे लागतो, उजवीकडे लागतो. एखाद्या कारकुनाच्या हाताची सवय. यात कटकारस्थान कसलं?"

"हे शिक्के मारायचं कोण?" अधिकाऱ्याने विचारलं.

वकील थांबला आणि हसऱ्याकडे वळला. हसऱ्याने फार गोड आवाजात सांगितलं, "त्यांनाच विचारा ना."

खोलीतल्या सगळ्या नजरा बाईंकडे वळल्या. हसऱ्याने हा हुकमाचा पत्ता राखून ठेवला होता. इतक्या माणसांसमोर, भावासमोर, ही बाई कबूल करणार नाही, याची त्याला खात्री होती. ती गप्प बसली की तक्रार तिथेच संपली.

बाई उठल्या. टेबलाजवळ आल्या.

"मी मारायचे," त्या म्हणाल्या.

भिंतीपाशी कुजबुज झाली. वकिलाने लगेच संधी साधली. "म्हणजे या माणसांना नोकऱ्या मिळाल्या नसतील तर तुमच्यामुळे. बरोबर?"

"बरोबर. माझ्यामुळेच. लिहून घ्या." बाईंचा आवाज चढला. आवरलेली जीभ आता त्यांना आवरायची नव्हती. "एकोणीस वर्षं मारले आणि एकदाही विचारलं नाही का म्हणून. शिक्षा द्यायची असेल तर द्या, मी घेईन. पण घाईगडबडीत नाही मारले. माझा शिक्का घाईत लागत नाही, या माणसाला विचारा. खुणेची यादी यायची. ती याच्या हातची असायची. याने खूण केली, मी शिक्का मारला, आणि बाकीच्या तेरा मालकांनी तो पाहून माणसं हाकलली. आधी माझं नाव लिहा. त्याखाली याचं लिहा. मी बुडतेय ना, मग याला घेऊनच बुडेन. आणि हा तिरका शिक्का बघा. हा माझा नाही. हा याने स्वतःच्या हाताने मारलाय, आणि महिन्याभराने तीच तारीख, तोच क्रमांक टाकून उजवीकडचाही यानेच मारलाय. आता याला विचारा, हा कुठल्या कारकुनाच्या हाताची सवय?"

अधिकाऱ्याने दोन्ही प्रमाणपत्रं हसऱ्यासमोर ठेवली. हसरा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याचं तोंड हसायचं विसरलं होतं, आणि हसू गेल्यावर तिथे एक साधा, घाबरलेला, म्हातारा होत चाललेला माणूस उरला होता. बाईंनी ते डोळे भरून पाहून घेतलं. त्यांना बरं वाटलं. फार बरं वाटलं.

"किती जणांचे शिक्के डावीकडे मारलेत?" अधिकाऱ्याने विचारलं. "नावं आहेत तुमच्याकडे?"

"कागदावर नाहीत. पाठ आहेत. एकशे एकोणीस."

"सांगा."

बाईंनी डोळे मिटले, मग उघडले, आणि पहिल्या रांगेत बघत दादाचं नाव घेतलं. हजेरीपटावरचं, पूर्ण.

दादा बहिणीकडे बघत राहिला, रविवारच्या त्या खुर्चीतल्या साहेबाकडे बघावं तसा. मग गुडघ्यांवर हात टेकून उठला, माणसांतून वाट काढत दारापर्यंत गेला आणि बाहेर पडला. त्याच्या मागोमाग वहिनीही गेल्या.

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. "बाई, थोडा वेळ थांबायचंय का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "अजून एकशे अठरा आहेत. लिहा."